सहावी मागणी

धाकू, परवा सातवीच्या मुलींच्या वर्गात व्यवसायांचा धडा होता. फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात शेती, मासेमारी, खाणी. दुसऱ्यात गिरण्या आणि कारखाने. तिसऱ्याच्या डोक्यावर 'सेवा' असं लिहिलं आणि खाली पोस्टमन, डॉक्टर, न्हावी, मोटारीचा ड्रायव्हर, खानावळवाली असं एकेक मांडत गेलो. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, बोटीवरची माणसं उतरवून घेतात ते कुठल्या रकान्यात?"

मी लिहायला वळलो. खडू फळ्याला टेकला, पण पुढे सरकेना. मुली वाट बघत होत्या. शेवटी पुस्तक मनातल्या मनात वाचा म्हणून सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. तुला जाऊन त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.

गावात तुझ्याविषयी चांगलं बोलतात. समुद्रावर इतकी वर्षं काढलेला माणूस शेवटी घरात, छातीच्या दुखण्यानं गेला, याचं त्यांना नवल वाटतं. मला त्याचं नवल वाटत नाही. तुझ्या छातीवर काय होतं ते मला माहीत आहे. त्यातलं निम्मं माझं होतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. फार उशीर झालाय हे कळतं, पण सांगायचं होतं ते तुलाच.

चौथीपर्यंत आपण एका बाकावर होतो. मग तू वडलांच्या पडावावर गेलास आणि मी आधी हायस्कूलात, पुढे कोल्हापूरला कॉलेजात. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि इथल्याच शाळेत मास्तर म्हणून परत आलो, तोपर्यंत तू त्याच पडावाचा मुख्य खलाशी, तांडेल झाला होतास. तुझ्या हाताखाली चार वल्ही होती. आपल्या बंदरात खडक फार, म्हणून मुंबईची बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. तिचा भोंगा झाला की तुम्ही पडाव घेऊन जायचात. वर-खाली होणाऱ्या शिडीवरून म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, पेट्या, वळकट्या, आंब्याच्या करंड्या उतरवून घ्यायच्या आणि किनाऱ्याला आणायच्या. भरतीला पडाव थेट धक्क्याला लागे. सुकती असली की तो काळ्या खडपाच्या कातळापाशीच थांबे, आणि तिथून माणसं छोट्या होडीत नाहीतर खांद्यावर घेऊन पाण्यातून काढावी लागत. गावातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी तुझ्या हातून पाण्यावरून जमिनीवर आलेलं आहे. मीही.

ते दिवस योजनांचे होते. धरणं, पोलाद, खतं. मी वर्तमानपत्र घेऊन बंदरावरच्या हॉटेलात बसायचो आणि तुम्हाला वाचून दाखवायचो. एकदा मी म्हणालो, देश गरीब आहे, आपल्याला आधी पिकवणारी आणि बनवणारी माणसं हवीत. इथून तिथं नेणारी, वाढणारी, लिहून देणारी माणसं ही दुसऱ्यानं केलेल्या कामावर जगतात. ती नंतर वाढली तरी चालेल.

तू बशीतला चहा संपवलास, बशी पालथी घातलीस आणि विचारलंस, "म्हंजे आमी फुकट खातो?"

"फुकट नाही रे. पण तू काही नवीन निर्माण करत नाहीस. माणूस बोटीवर होता तसाच किनाऱ्यावर येतो."

"तसोच येता? बोटीर असता तेवा तो घराक पोचलेलो असता काय?"

हॉटेलातले हसले. मी पुस्तकातलं काहीतरी सांगायला लागलो. तू ऐकून घेतलंस, कारण तुला माझ्या शिक्षणाचा अभिमान होता. मग म्हणालास, "बोट बाहेर उभी रवली, भोंगो केल्यान, नि माणूस उतारलो नाय, तर बोट इली असा म्हणतत काय, मास्तर? तो पोलादाचो कारखानो काढतले, तेका साहेब व्हयो, कारकून व्हयो. ते काय हवेतसून येतले? नि तू? तू काय पिकवतस?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली. राग आला होता. त्या दिवशी उत्तर आलं नाही म्हणून मी पुढे जे केलं ते केलं, असं मला आता वाटतं. त्या वेळी मात्र मी ते विचारपूर्वक करतोय असंच वाटत होतं.

पुढच्या वर्षी रत्नागिरीहून साहेब येणार असल्याचं कळलं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदराच्या गरजा काय आहेत ते लेखी मागवलं होतं. गावानं निवेदन लिहायचं काम माझ्यावर सोपवलं. मी आठ दिवस घरोघर फिरलो. बर्फाचा कारखाना, मासळी सुकवायचे ओटे, काथ्याचा कारखाना, जाळ्यांसाठी सूत, कणकवलीपर्यंत पक्का रस्ता, अशा पाच मागण्या झाल्या. सहावी तुझी होती. तू संध्याकाळी घरी आलास, पडवीत बसलास आणि बोटानं जमिनीवर काढून दाखवलंस. धक्क्याच्या टोकापासून खडपापर्यंत उतरत्या पायऱ्या, सुकतीलाही पाण्यात राहतील अशा. एका बाजूला लोखंडी कठडा. एवढंच.

"माणसाक हात धरूक कायतरी व्हया," तू म्हणालास. "माझो हात किती जणांक पुरतलो?"

ते वाक्य मी खरड्यात जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. पण पक्की प्रत करताना थांबलो. निवेदन दीड पानाच्या वर जाऊ नये असं कोणीतरी सुचवलं होतं. बर्फाचा कारखाना मिळाला तर मासळी वाढेल, काथ्याचा मिळाला तर घरोघर काम मिळेल. पायऱ्यांनी काय वाढणार? माणसं आजही उतरतातच आहेत. मी तुझी मागणी गाळली. गाळताना थोडं बरंही वाटलं, धाकू. हॉटेलातल्या त्या चर्चेचं उत्तर मी माझ्या अक्षरात दिलं होतं.

साहेब आले, निवेदन घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तू शाळेच्या फाटकाशी उभा होतास.

"माझा घातलंस?"

"घातलं."

"मगे बरा," एवढंच म्हणून तू गेलास.

हे दोन शब्द मला आता कुठेही ऐकू येतात. मुलींच्या वह्या तपासताना, विहिरीवर, न्हाव्याकडे मान वाकवून बसलेलो असताना. आवाज तुझाच, घाईतला, उत्तराची शंका नसलेला. मी दर वेळी 'घातलं' असंच म्हणतो. तोंडातून तेच निघतं.

पाचपैकी चार मागण्यांचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. रस्त्याला खडी पडली. सहावीही लिहिली असती तर ती मंजूर झाली असती असं मी म्हणणार नाही. कदाचित ती दुसऱ्या कुठल्या फडताळात पडून राहिली असती. पण ती बाजूला सारायची तर ते सरकारनं करायचं होतं. ते मी केलं.

आणि मग ती दुपार.

पावसाळ्याआधी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. वारा दक्षिणेचा, पाणी गढूळ, सुकती लागलेली. गावच्या दवाखान्याला कित्येक महिने मागून एक नर्स मिळाली होती, ती त्या बोटीनं येणार होती. म्हणून मी, कंपाउंडर आणि गावातली चार माणसं धक्क्यावर उभे होतो. कंपाउंडरच्या हातात अबोलीच्या फुलांचा वळेसर होता. बाईला काय द्यावं हे आम्हा पुरुषांना सुचलं नव्हतं, तो तुझ्या बायकोनं करून दिला होता.

पडाव खडपापाशी आला तेव्हा ती पुढे बसलेली दिसली. तेवीस-चोवीसची, साताऱ्याकडची. समुद्र तिनं मुंबईला बोटीवर चढतानाच पहिल्यांदा पाहिला असणार. नाव मालती. मांडीवर पत्र्याची पेटी होती. तू पडावावरून छोट्या होडीत उतरून हात पुढे केलास.

"पाय टाका, बाय. भियाव नको."

"आधी पेटी घ्या," ती म्हणाली. वारा आमच्याकडे होता, शब्द स्वच्छ ऐकू आले. "हिच्यात बाळंतपणाचं सामान आहे. ते भिजता कामा नये."

तू पेटी घेतलीस. ती डाव्या काखेत धरून उजवा हात तिला दिलास. तिनं धरला. तेवढ्यात मागून लाट आली, पडाव फिरला आणि ती पाण्यात गेली. मला फक्त पडावाची बाजू खडकावर आदळलेली ऐकू आली, आणि मग तू पाण्यात उडी मारलेली दिसली. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पेटी होती. तू ती फेकली नव्हतीस, ठेवली होतीस.

तिला वर काढलंस, पण डोक्याला खडक लागला होता, ती गेली होती. किनाऱ्यावर वाळूत निजवलं तेव्हा कंपाउंडर वळेसर हातात घेऊन तसाच उभा होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. तू तिच्या पायांशी बसलास आणि स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत राहिलास.

संध्याकाळी पंचनामा झाला. 'खलाशाच्या हातून हात सुटून' असं त्यात लिहिलं गेलं. शिकलेला साक्षीदार म्हणून मला सही करायला सांगितली. मला तेव्हा बोलता आलं असतं. इथे पायऱ्या नाहीत, कठडा नाही, या माणसानं तो मागितला होता आणि मी लिहिला नाही, एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी सही केली. सही माझी चांगली येते, तू नेहमी म्हणायचास.

पेटी सुखरूप दवाखान्यात पोचली. ती वापरणारी दुसरी नर्स यायला मात्र दोन पावसाळे गेले. एवढ्या लांब, अशा बंदरावर यायला कोणी तयार होईना. त्या दोन पावसाळ्यांत गावात कोणाकोणाच्या घरी काय झालं ते तुला माहीत आहे, मलाही आहे. मला आपल्या देशाचं अर्थशास्त्र त्या वेळी कळलं, कॉलेजात नाही. एका माणसाला पाण्यावरून जमिनीवर नीट पोचवायची सोय नाही, म्हणून नर्स नाही. नर्स नाही, म्हणून घरात बाळंतीण वाचत नाही. मग त्या घरातलं कोण शेतात जाणार आणि कोण जाळी विणणार? तू हे हॉटेलात बशी पालथी घालता घालता सांगून मोकळा झाला होतास.

मला वाटलं होतं तू तांडेलकी सोडशील. नारळी पौर्णिमेनंतर पहिली बोट आली आणि तू वल्ह्यावर होतास. फरक एवढाच झाला, की प्रत्येक बाईला हात देण्याआधी तू तिचं नाव विचारायला लागलास. "तुमचा नाव काय, बाय?" बाया लाजायच्या, काही रागवायच्या. एका जहागीरदारणीनं तक्रारही केली. लोक म्हणाले धाकूच्या डोक्यावर परिणाम झाला. नाव सांगेपर्यंत तू हात पुढे करत नसायचास. मी एकदा त्याच पडावात होतो. एक परकरी पोर होती, तिलाही तू विचारलंस. ती म्हणाली, "सुमन." तू ते नाव स्वतःशी पुन्हा म्हटलंस आणि मग तिला दोन्ही हातांनी उचललंस. सामानाला तू त्यानंतर कधी हात लावला नाहीस. ते दुसरे गडी घ्यायचे.

तुला सांगायला मी एकदा आलो होतो. चैत्र होता. तू किनाऱ्यावर पडाव उलटा घालून त्याच्या फटींत काथ्या भरत होतास. मी बाजूला बसलो. कसं सुरू करावं याचा विचार करत होतो, तोच तू बोललास. एरवी तू आपणहून बोलत नव्हतास.

"मास्तर, तू म्हणायचस ता खरा होता. आमचो कायच धंदो न्हय."

"असं का म्हणतोस?"

"शेतकऱ्याचा भात दिसता. रांपणकाराची मासळी दिसता. आमचा काय? माणूस बरो पोचलो तर कोणाक दिसना नाय. घरात जाता, जेवता, इसारता. नाय पोचलो, की सगळ्यांक दिसता." तू हातोडी ठेवलीस. "माका सांग, पेटी मी आधी कित्याक घेतलंय?"

"तिनंच सांगितलं म्हणून. मी ऐकलं."

"तिना सांगल्यान. पण तांडेल कोण होतो? ती काय मी?"

धाकू, तेव्हा आपला वाद संपला होता आणि तो चुकीच्या बाजूनं संपला होता. ज्याचं बरोबर होतं त्यानं हार मानली. मला ओरडून सांगायचं होतं की तूच बरोबर होतास. ज्या कामात सगळं नीट झालं की काहीच दिसत नाही, त्याच कामावर बाकीची दिसणारी कामं उभी असतात. पण हे सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मास्तर, तुका ह्या कधी कळला? मग सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "जाऊ दे रे, होऊन गेलं." तू पुन्हा हातोडी उचललीस.

यानंतर तू नऊ वर्षं जगलास. रोज भेटत होतास. सांगायचं ठरवूनही मी नऊ वर्षं काय करत होतो, हे मला धड आठवतही नाही.

आषाढात तुझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी होतो. आताच्या नर्सबाई पावसातून इंजेक्शन घेऊन आल्या. तुला ग्लानी होती. त्यांनी पिशवी उघडली तसे तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "तुमचा नाव काय, बाय?" त्यांनी सांगितलं. तू हात पुढे केलास. त्यांना वाटलं इंजेक्शनसाठी दंड देतोयस, पण तू त्यांचं मनगट धरलंस, घट्ट. म्हणालास, "पेटी ऱ्हवांदे. तुमी आधी येवा."

त्यांना काही कळलं नाही. त्या इथल्या नव्हेत आणि ती गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसावी. बऱ्या बाई होत्या, तशाच ओल्या लुगड्यानं अर्धा तास बसून राहिल्या, मनगट सोडवून घेतलं नाही. मी उशाशी होतो. तोंड तुझ्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. तेव्हाही मी बोललो नाही.

बाराव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, धाकूची काही इच्छा राहिली नव्हती. मी पानाकडे बघत उभा होतो. मला वाटलं होतं तू येणार नाहीस. तू आलास याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणजे तुला खरोखरच काही माहीत नव्हतं.

परवा वर्गातून घरी आलो आणि रत्नागिरीला अर्ज लिहिला. त्यात एकच मागणी आहे, पायऱ्या आणि कठडा. ती पहिल्यांदा कोणी मागितली होती, ती निवेदनातून कोणी आणि का गाळली, पंचनाम्यात काय लिहायचं राहिलं, हेही लिहिलं आणि खाली सही केली. या अर्जानं माझ्या नोकरीला काही होईल की नाही माहीत नाही. पायऱ्या होतील का, तेही माहीत नाही. आता तर म्हणतात मोटारी वाढल्या की बोटच बंद होणार. अर्ज टपालात टाकला आणि तसाच तुझ्या घरी गेलो.

वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, तुला इथे सांगितलं त्याच क्रमानं.  मध्येच सूप हलायचं थांबलं.  रडतील, शिव्या देतील, घराबाहेर काढतील, या सगळ्याची माझी तयारी होती.

त्या हळूच म्हणाल्या, "भावोजी, ह्या तुमी तेंका सांगला असतास तर ते तुमच्यार रागावले असते."

"हो, वहिनी."

"मारूकय इले असते. वरीसभर तुमचा तोंड बघूचे नाय." त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "पण निजले असते हो. मेल्यावर पयल्यांदा मी तेंका निजलेले बघितलंय."

मी उठलो. पायात चपला घालायला मला फार वेळ लागला. दर वेळी दारापर्यंत येऊन 'येवा हां, भावोजी' म्हणणाऱ्या वहिनी या वेळी जागच्या उठल्या नाहीत.